अंदाजाने आकडा टाकू नका
लाईट रात्रीची, त्यामुळं मोटार चालू करून पेपरातलं सुडोकू घेऊन बसतो. आधी अंदाजाने आकडे टाकायचो. शेवटी एका ओळीत दोन ५ यायचे, सगळं खोडावं लागायचं. पुतणी म्हणाली, "काका, प्रत्येक घरात काय काय बसू शकतं ते आधी बारीक लिहा. ओळीतल्या दोन घरांत ३ आणि ७ एवढेच बसत असतील, तर बाकीच्या घरांतून ३, ७ खोडा." आता पेन्सिल जपून चालते.

माझं मत, फवारणीचंही असंच. मागच्या साली सोयाबीन पिवळं पडलं, अंदाजाने दोन औषधं मारली. निघालं काय? वावरात पाणी साचलेलं! आधी एकेक कारण खोडा, मगच पंप पाठीवर घ्या. तुमचा अनुभव सांगा.