बिछाना नंतर, आधी फडताळ

पिल्लू आणायचं ठरलं की पहिली धाव ऑनलाइन खरेदीकडे जाते. मऊ गादी, नावाचा बिल्ला, हाडाच्या आकाराचं रबरी खेळणं आणि लोकरी स्वेटर, तोही मुंबईत. खोकी उघडून झाली की घर तयार झालं, असं सगळ्यांना वाटतं. त्या घरातला एकही धोका तोवर कमी झालेला नसतो. पिल्लाला जे बाधतं ते आधीपासूनच फडताळात, ओट्याखाली आणि औषधांच्या डब्यात असतं. त्याहून जास्त ते घरातल्या माणसांच्या सवयींत असतं.

सावधगिरीच्या याद्या इंटरनेटवर हव्या तेवढ्या मिळतात. चॉकलेट नको, मॅकाडेमियाचे दाणे नकोत, गॅरेजमधलं अँटीफ्रीझ नको. त्यात चूक काही नाही, फक्त त्या दुसऱ्यांच्या घरांसाठी केलेल्या आहेत. मराठी घराची यादी चिंचेपासून सुरू व्हायला हवी.

द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यकांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. कशामुळे, ते मात्र उमगत नव्हतं. धागा सापडला तो मुलांच्या खेळण्याच्या मातीत. एका कुत्र्याने घरी मळलेली अशी माती खाल्ली आणि द्राक्षं खाल्ल्यावर होतो तसाच त्रास त्याला झाला. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं. अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यावरून २०२१ साली मांडलं की, खरा दोषी टार्टारिक आम्ल असावं. पुढे चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्याही नोंदी प्रसिद्ध झाल्या. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा.

आता एखाद्या घराचं वर्ष डोळ्यांपुढे आणावं. आमटीत चिंचेचा कोळ, भेळेला चिंचेची चटणी, सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे, दिवाळीच्या चिवड्यातही बेदाणे, आणि उन्हाळा लागता लागता नाशिकच्या द्राक्षांची पेटी. किती खाल्ल्यावर बाधेल याचा ठाम हिशेब नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन हुंदडतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. त्यामुळे ‘आमच्या मोत्याने जन्मभर खाल्ले, त्याला काही झालं नाही’ हा पुरावा बिनकामाचा ठरतो.

कांदा-लसणाचं दुखणं आणखी छुपं. त्यांच्यातले घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा वाळवून ते जात नाहीत, आणि परिणाम बरेचदा काही दिवसांनी दिसतो. पिल्लू मलूल झालं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तोवर रश्श्यात कुस्करलेली पोळी कोणाच्याच लक्षात नसते. ती पोळी प्रेमानेच दिलेली असते. म्हणून पिल्लू येण्याआधी खरी गरज असते ती घरच्यांना एकत्र बसवण्याची. आजी-आजोबा, मुलं आणि कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची: खायला द्यायचं ते ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वाडग्यात. आजीला हे सांगणं बाल्कनीला जाळी लावण्याहून अवघड असतं हे खरं.

औषधांचा डबा हा दुसरा गुन्हेगार. यात पिल्लू स्वतः गोळ्या पळवतं तसं माणूसही त्या हाताने भरवतो. ताप वाटला की पॅरासिटामॉलची अर्धी गोळी, लंगडलं की आयबुप्रोफेन. पहिलीने यकृताला इजा होते, तांबड्या पेशींची प्राणवायू वाहण्याची ताकदही घटते. दुसरीने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं धोक्यात येतात. बाळाच्या वजनाचा हिशेब इथे चालत नाही, कारण कुत्र्याचं शरीर ही औषधं वेगळ्या तऱ्हेने पचवतं. मधुमेही माणसाच्या घरात शुगरफ्री च्युइंगमकडेही बघावं. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरातही कोसळू शकते.

मग उंदराची वडी. सोसायटीत औषध ठेवलं की सेक्रेटरी लिफ्टमध्ये कागद डकवतात. तो पिल्लाला वाचता येत नाही आणि माणसं वाचत नाहीत. बाजारातल्या पुष्कळ वड्यांत ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस पिल्लू हसतं-खेळतं असतं आणि नंतर आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. व्हिटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. म्हणून ‘खाल्लंय, पण ठीक दिसतंय’ या वाक्यावर विसंबू नये. कपाटातल्या डांबरगोळ्या, अंगणातली कण्हेर आणि बागांतून हौसेने लावलेला सायकस यांनाही याच रांगेत उभं करायला हरकत नाही. सायकसच्या बिया तर यकृताचा घात करतात.

घराच्या बांधणीबद्दल थोडक्यात. ज्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं, त्यांतून पिल्लूही जाऊ शकतं, तेव्हा बाल्कनीला खालपासून जाळी हवी. चार्जरच्या वायरी उचलून ठेवाव्यात. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई टाकावी. मोठ्या चणीच्या जातींवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक गोष्ट दिसली: पहिल्या तीन महिन्यांत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका जास्त होता, मोकळ्यावर बागडणाऱ्यांमध्ये कमी. लॅब्राडोर त्या अभ्यासात होता.

याहून मोठा प्रश्न पिल्लाच्या वयाचा आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरीही ‘पस्तीस दिवसांचं आहे, लवकर माया लावेल’ म्हणून गिऱ्हाइकाला भुलवलं जातं. आईपासून लवकर तोडलेलं, लस न मिळालेलं असं पिल्लू पार्व्होच्या तावडीत सहज सापडतं. हा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने तग धरतो, आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून पुसलं तर मरतो. फिनेलच्या वासाने घर स्वच्छ वाटतं एवढंच. शिवाय ओली फरशी चाटणाऱ्या जिभेला ते अपायकारकच.

या भीतीपोटी काही घरं दुसरं टोक गाठतात. लसी पूर्ण होईस्तोवर, म्हणजे साधारण चौथा महिना संपेपर्यंत, पिल्लू दाराबाहेर काढायचंच नाही! ही सुरक्षितता महागात पडते. माणसं, रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री यांची ओळख करून घेण्याचं वय पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच सरतं. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००८ सालीच सांगितलं की, तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्ग नसून वर्तनाच्या समस्या आहेत. पिल्लाला कडेवर घेऊन भाजीबाजारातून फिरवून आणता येतं, लसीकरण झालेला शेजारचा कुत्रा दाखवता येतो. जमिनीवर मात्र जिथे भटकी कुत्री फिरतात तिथे सोडू नये.

इतकं करूनही एखाद्या रात्री काहीतरी पोटात जातंच. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं प्राणी रुग्णालय सुरू झालं, परळचं जुनं पशुरुग्णालय आहेच. पण तालुक्याच्या गावी रात्री अकराला दार उघडणारा डॉक्टर शोधावा लागतो. ती चौकशी पिल्लू येण्याआधी करावी आणि नंबर फ्रिजवर चिकटवावा. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नये, त्यानेच रक्तातलं मीठ वाढून जीव जाऊ शकतो. ॲसिड किंवा फिनेल पोटात गेलं असेल तर ओकारी काढूच नये. सोबत वडीचं किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट न्यावं आणि पिल्लाचं वजन माहीत असावं. डॉक्टर फोनवर सगळ्यात आधी तेच विचारतात.