लगोरी खेळा, पण धावू नका

गुडघे धरून दवाखान्यात आलेल्या साठीच्या बाईला एक सल्ला हमखास मिळतो : ‘रोज चालत जा.’ सल्ला बरोबर आहे. पण चालायचे कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही मध्यम गावात मुख्य रस्त्यावर पहाटेपासून ट्रक धावतात, गल्लीत कुत्री असतात, मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देते आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला सोडत नाही. ज्या बाईने उभे आयुष्य निंदण आणि कापूस वेचण्यात काढले, तिला नुसते ‘फिरायला जाणे’ हेच मुळात विचित्र वाटते. पुढच्या भेटीत ती ‘हो जी, चालणं सुरू आहे’ असे सांगते. ते खरे नाही, हे तिला आणि डॉक्टरांना दोघांनाही ठाऊक असते.

या सल्ल्यात दुसरीही एक उणीव आहे. चालण्याने दम वाढतो, साखर आटोक्यात यायला मदत होते. पण तोल सांभाळण्याचा सराव त्यातून फारसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. कारण उघड आहे. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण येते. न्हाणीत पाय घसरतो, ओसरीची पायरी चुकते, खुब्याचे हाड मोडते आणि तोवर धडधाकट असलेली आजी खाटेला खिळते. अशा घराला विचारले, की आधी तिला काय होत होते, तर उत्तर बहुधा ‘काहीच नाही’ असेच येते.

तोलाचा व्यायाम म्हणून एका पायावर उभे राहायला सांगितले, तर कोणी दोन दिवसांवर करत नाही. कंटाळवाणे असते ते. नेम धरून चेंडू टाकायला सांगितले, तर तेच काम शरीर न सांगता करते. हात उचलण्याच्या क्षणभर आधी पोटऱ्यांचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात, नाहीतर हाताच्या झोक्याबरोबर माणूस पुढे कलंडेल. ही आगाऊ तयारी मेंदू आपणहून करतो. वय वाढले की ती मंदावते. प्रत्येक फेकीत वजन मागच्या पायावरून पुढच्यावर जाते, डोळे अंतर मोजतात, आणि नेम चुकला तर लहान मेंदू पुढच्या फेकीसाठी दुरुस्ती करून ठेवतो. अर्ध्या तासात हे तीस-चाळीस वेळा घडते आणि खेळणाऱ्याचे लक्ष मात्र समोरच्या गड्याला हरवण्याकडे असते.

दुखऱ्या सांध्यांच्या माणसासाठी खेळ बदलल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समध्ये आहे. मार्सेयजवळच्या ला सिओता या गावात १९१० च्या सुमारास ज्यूल लेन्वार नावाचा एक खेळाडू संधिवाताने जेरीस आला होता. तिथल्या गोळे फेकण्याच्या जुन्या खेळात काही फेकी धावत तीन पावले टाकून कराव्या लागत आणि त्याला ते जमेना. मग मैदान आखूड केले गेले, जमिनीवर वर्तुळ आखले गेले आणि दोन्ही पाय त्यात रोवूनच फेकायचे असा नियम झाला. त्यातून ‘पेतांक’ जन्मला आणि तो आज अनेक देशांत खेळला जातो. नवे काही जोडून तो खेळ तयार झालेला नाही. धावणे तेवढे काढून टाकले.

लगोरीच्या बाबतीत हेच करता येईल. लगोरीचे, म्हणजे लिंगोरच्याचे, दोन भाग असतात. आधी दुरून चेंडू मारून सात चपट्या दगडांचा मनोरा पाडायचा. मग समोरचा गट चेंडू फेकून मारत असताना पळत-चुकवत तो पुन्हा रचायचा. दुसरा भाग बारा वर्षांच्या पोरांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो तसाच राहावा. साठीनंतरच्या लगोरीत पळणे नाही आणि अंगावर चेंडू मारणे नाही. वर्तुळात उभे राहून तीन फेकी करायच्या, जितक्या चकत्या पडतील तितके गुण. मग ज्याने पाडल्या त्यानेच जाऊन त्या रचायच्या आणि पूर्ण रचल्या तर गुण दुप्पट.

हे रचणेच खरे औषध आहे. मनोरा जमिनीवर असेल तर उकिडवे बसून उठावे लागते, म्हणजे मांड्यांचा व्यायाम झाला. गुडघे तेवढे वाकत नसतील तर मनोरा पाटावर ठेवावा, त्याहून दुखत असतील तर स्टुलावर. उंची पाहून डोस ठरवावा. खेळणारा सरावला की मनोरा खाली आणायचा आणि फेकीचे अंतर तीन मीटरवरून हळूहळू वाढवायचे. दर वेळी सगळे पाडता आले तर खेळ बेचव होतो. कधीच पाडता आले नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

चेंडू कसला हवा, यावर मात्र थोडा विचार हवा. पेतांकचा पोलादी गोळा ६५० ते ८०० ग्रॅमचा असतो. सुजलेल्या बोटांना तो नको. रबरी चेंडू उसळतो, घरंगळतो आणि पायाखाली येतो. तोल सुधारायला आलेल्याला पाडणारा खेळ काय कामाचा? वर्धा जिल्ह्यात याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. जुन्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवून तिच्यात सरकी भरली, की संत्र्याएवढा, मुठीत मावणारा चेंडू तयार होतो. तो पडतो तिथेच थांबतो. पावसाळ्यात अधूनमधून ऊन द्यावे लागेल आणि उंदरांपासून जपावे लागेल, एवढेच. असा मऊ चेंडू जड दगड पाडणार नाही, म्हणून सुताराकडच्या उरल्यासुरल्या लाकडाच्या चकत्या कापून घ्याव्यात आणि त्यांना चुना फासावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला करड्या जमिनीवर करडा दगड दिसत नाही, पांढरी चकती दिसते.

अर्धांगवायू होऊन गेलेल्यांनाही यात जागा आहे. अशा रुग्णाला चेंडू धरता येतो, पण मूठ उघडून सोडणे अवघड जाते. पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून ‘बोचा’ हा खेळ आहे. त्यात ज्यांचा हात चालत नाही, त्यांना उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडण्याची मुभा असते. खुर्चीवर बसलेल्या आजोबांना उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप दिला की तेच साधते. या पन्हळीपुरता मात्र घरंगळणारा चेंडू घ्यावा आणि तो नातवंडांनी लगेच उचलावा.

काही पथ्ये सोडून चालणार नाही. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असते, तेव्हा अनवाणी खेळू नये आणि सैल स्लीपरही नको. टाचेला पट्टा असलेली चप्पल हवी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून झटकन उठले की भोवळ येऊ शकते, म्हणून चेंडू मुलांनी वेचावेत आणि मनोऱ्याशेजारी हात टेकायला जड खुर्ची असावी. छातीत दुखत असेल, नुकतेच हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टर, मग खेळ. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटोपावे.

लगोरीने पडणे थांबेल, असा दावा कोणी करू नये. २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेने १०८ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. पण ते ठरवून दिलेले, देखरेखीखालचे व्यायाम होते. तो आकडा खेळाला चिकटवता येत नाही. म्हणून मोजायला हवे. आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एवढेच पाहावे, की हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते. खुर्ची आणि घड्याळ दोन्ही केंद्रात असतातच. बागेतल्या लोखंडी व्यायाम-यंत्रांवर जो खर्च होतो, त्याच्या अगदी लहानशा भागात गावभर असे संच शिवून होतील. ती यंत्रे मे महिन्यात हात लावण्याजोगी तरी असतात का, हे बसवणाऱ्यांनी एकदा दुपारी जाऊन पाहावे.

खरी अडचण पैशांची नाही. चौकातल्या मोकळ्या जागेवर संध्याकाळी पुरुषमंडळी बसतात आणि खेळ सुरू झाला तर तोही तेच ताब्यात घेतील. बायका कडेला उभ्या राहून पाहतील आणि मग स्वयंपाकाला जातील. म्हणून पहिला संच चौकात देऊ नये. बचत गटाची बैठक जिथे भरते त्या अंगणात किंवा समाजमंदिरात द्यावा, बैठकीच्याच दिवशी, हप्ते गोळा करण्याच्या आधी अर्धा तास. चेंडूही त्याच बायकांनी शिवावेत. कोणाच्या लुगड्याचा कोणता, हे ओळखीचे झाले की हिशेबाची वही उघडायला थोडा उशीर होईल. तेवढा होऊ द्यावा.