विश्लेषण : करोनात पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांची यादी कुणाकडे आहे? बुलढाण्यासारख्या जिल्ह्याने त्यातून काय शिकायचे?

सोयाबीन घरात आली की बघू, कापूस विकला की करू, मुलीचे लग्न झाले की दवाखान्यात जाऊ. बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत ऑपरेशनची तारीख अशीच ठरते आणि अशीच पुढे जाते. मार्च २०२० मध्ये मात्र तारीख घरच्यांनी नव्हे, तर दवाखान्यानेच पुढे ढकलली. त्या महिन्याच्या अखेरीस बुलढाणा शहरात करोनाचा पहिला बळी गेला आणि सारी आरोग्य यंत्रणा त्या एकाच आजाराच्या मागे लागली. मोतिबिंदू, हर्निया, पित्ताशयातील खडे, गर्भाशयाच्या गाठी यांच्या रुग्णांना ‘परिस्थिती निवळली की या’ असे सांगण्यात आले. परिस्थिती निवळली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीरही केले. मात्र ‘नंतर या’ असे सांगितलेले किती जण परत आले, याचा हिशेब मांडला गेला नाही.

शस्त्रक्रिया पुढे ढकलणे चुकीचे होते का?

सुरुवातीला नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना केली. खाटा, प्राणवायू, व्हेंटिलेटर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका करोना रुग्णांसाठी मोकळ्या ठेवणे भाग होते. शिवाय संसर्ग असताना शस्त्रक्रिया करणे धोक्याचे होते. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोना झालेले १,१२८ रुग्ण होते. त्यातील २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले. करोना झाल्यानंतर शक्य असल्यास शस्त्रक्रियेसाठी किमान सात आठवडे थांबावे, असे याच गटाच्या २०२१ मधील अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे काही आठवडे थांबणे शहाणपणाचेच होते. चूक झाली ती पुढे. थांबवताना पुढची तारीख दिली गेली नाही आणि ती देण्याची जबाबदारीही कुणावर टाकली गेली नाही.

किती शस्त्रक्रिया रखडल्या?

याच गटाच्या अंदाजानुसार, करोनाच्या पहिल्या तडाख्यातील १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होणार किंवा लांबणार होत्या. त्यात भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांहून अधिक होता.

हे झाले अंदाज. प्रत्यक्ष मोजणी झाली ती कर्करोगाबाबत. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या होत्या. कर्करोग काही निम्म्यावर आला नव्हता, फक्त निम्मे रुग्ण दारापर्यंत पोहोचले नव्हते.

डोळ्यांचेही तसेच झाले. देशात वर्षाला मोतिबिंदूच्या साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होत असत. २०२०-२१ मध्ये हा आकडा चाळीस लाखांच्या खाली आला.

‘नियोजित’ म्हणजे ‘थांबली तरी चालेल’ अशी का?

सगळा घोळ या एका शब्दात आहे. नियोजित शस्त्रक्रिया म्हणजे जिची वेळ ठरवता येते अशी शस्त्रक्रिया. ती कितीही काळ टाळता येते, असा त्याचा अर्थ नाही. थांबले की आजार आहे तिथे राहत नाही :

- हर्निया : आज आत ढकलता येणारी आतड्याची गुंडाळी उद्या अडकते. तिचा रक्तपुरवठा तुटला की आतडे कुजते. मग ते कापून काढावे लागते आणि साधी शस्त्रक्रिया जिवावर बेतते.
- मोतिबिंदू : तो जास्त पिकला की भिंग कडक होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते. काही रुग्णांत डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाते. कमी दिसणारा म्हातारा माणूस अंगणात पडतो आणि खुब्याचे हाड मोडते, हा धोका वेगळाच.
- पित्ताशयातील खडे : खडा नळीत सरकला की कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला सूज येते.
- गर्भाशयाच्या गाठी : दर महिन्याला जादा रक्तस्राव होत राहतो. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन आणखी घसरते.
- डायलिसिसचा रुग्ण : हातावरील फिस्टुलाची छोटी शस्त्रक्रिया लांबली तर गळ्यातील नळीवर भागवावे लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कर्करोगात तर हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. ‘बीएमजे’मध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. तीन महिने लांबली तर तो वाढतच जातो.

बुलढाण्याची अडचण वेगळी का?

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार. करोनाकाळात जिल्ह्यात एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्यामुळे खामगाव-शेगावचा रुग्ण अकोल्याला, मलकापूरचा जळगावला आणि बुलढाणा-देऊळगाव राजाकडचा छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचे औरंगाबाद) जाणार, ही जुनी वहिवाट. मोठ्या उपचारासाठी जिल्ह्याची हद्द ओलांडावीच लागते.

नेमकी तीच हद्द बंद झाली. जिल्ह्याबाहेर जाणारी सर्वसामान्यांची एसटी मार्चमध्ये थांबली ती २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. खासगी वाहनाला ई-पास लागत होता. वैद्यकीय कारणासाठी पास मिळत होता, हे खरे. पण संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या सातपुड्यालगतच्या गावातील मजुराने ऑनलाइन अर्ज करायचा, डॉक्टरची चिठ्ठी जोडायची आणि वर भाड्याच्या गाडीचे पैसे मोजायचे, हे कागदावरच सोपे होते. राजस्थानात सरकारी विम्यावर डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांची पाहणी झाली तेव्हा ६३ टक्के रुग्णांच्या उपचारात टाळेबंदीत खंड पडल्याचे दिसले. त्यामागे बंद वाहतूक हे एक मुख्य कारण होते.

काही रुग्णांना तर आपल्याला शस्त्रक्रियेची गरज आहे, हेच कळले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात. त्यातूनच हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा डोळ्यातील दोष हाती लागतात. शाळा-अंगणवाड्याच बंद झाल्यावर ही तपासणी थांबली. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचेही तसेच. देशातील सुमारे अडीच कोटी जोडप्यांना गर्भनिरोधनाची साधने किंवा शस्त्रक्रिया मिळणार नाही, असा अंदाज या क्षेत्रातील एका संस्थेने २०२० मध्ये मांडला होता. अशी हुकलेली शस्त्रक्रिया बाईच्या वाट्याला नको असलेले बाळंतपण आणते.

साचलेली रांग उपसायला किती वेळ लागतो?

साधे गणित करून पाहू. समजा, एका रुग्णालयात आठवड्याला ५० नियोजित शस्त्रक्रिया होतात. त्यातील ३६ थांबल्या आणि असे १२ आठवडे चालले, तर ४३२ शस्त्रक्रिया साचल्या. आता रुग्णालयाने कंबर कसली आणि क्षमता २० टक्क्यांनी वाढवली, म्हणजे आठवड्याला ५० ऐवजी ६० शस्त्रक्रिया केल्या. दर आठवड्याला नवे ५० रुग्ण येतच असतात, त्यामुळे जुन्यांच्या वाट्याला येतात फक्त १०. म्हणजे ४३२ शस्त्रक्रिया संपायला ४३ आठवडे, दहा महिने. ‘कोविडसर्ज’ गटानेही जगासाठी साधारण ४५ आठवड्यांचा अंदाज दिला होता.

बुलढाण्याला तेवढा वेळ मिळालाच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागातील पाचही जिल्ह्यांत करोना पुन्हा उसळला आणि बुलढाण्यातही नव्याने निर्बंध लागले. जून २०२० मध्ये काम पूर्ववत सुरू झाले असे गृहीत धरले, तरी पहिली रांग संपायला एप्रिल २०२१ उजाडला असता. त्याआधीच दुसरी रांग लागायला सुरुवात झाली.

मग ही रांग कुणाला दिसली का नाही?

कारण ती कागदावर नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवा दर महिन्याला प्रतीक्षा यादी जाहीर करते. करोनापूर्वी तिथे सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांवर गेल्या. त्यावरून तिथे सरकारला जाब विचारला गेला, निवडणुकीत वाद झाले. आपल्याकडे असा आकडाच नाही, म्हणून प्रश्नही नाही. रुग्णाचे नाव डॉक्टरच्या वहीत किंवा रुग्णाच्याच पिशवीतील केस पेपरवर. तो आला तर रुग्ण, नाही आला तर नोंद संपली.

यादी करणे अशक्य होते असेही नाही. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी घरोघरी गेले, ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली, मधुमेह, हृदयविकार यांची माहिती घेतली. त्याच अर्जात ‘घरात कुणाची शस्त्रक्रिया राहिली आहे का?’ एवढा एक प्रश्न असता, तर जिल्ह्याची यादी तिथेच तयार झाली असती. मोतिबिंदूबाबत हे उशिरा का होईना झाले. साचलेल्या शस्त्रक्रिया संपवण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्र ज्योती अभियान सुरू करून तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवले. हर्निया, गर्भाशय, पित्ताशय यांच्या वाट्याला असे अभियान आले नाही.

दुसरा मार्ग होता का?

होता आणि तो महाराष्ट्रातच दिसला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन टाळेबंदीच्या काळात कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. टाटाची साधने जिल्हा रुग्णालयाकडे नाहीत, हे मान्य. पण तत्त्व तेच लागू होते : कोणती शस्त्रक्रिया किती आठवडे थांबू शकते हे ठरवायचे आणि त्यानुसार काम चालू ठेवायचे.

आता काय करायला हवे?

२०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढच्या साथीत जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची गरज त्यामुळे कमी होऊ शकते. पण नुसती इमारत आणि खाटा पुरणार नाहीत. तीन गोष्टी साथ नसतानाच ठरवून ठेवाव्या लागतील.

पहिली, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जिल्ह्याची एक प्रतीक्षा यादी असावी आणि तिचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा. दुसरी, जिल्ह्यातील किमान एका रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह साथीपासून वेगळे ठेवले जाईल, हे आधीच ठरलेले असावे. सगळीच रुग्णालये एका आजारासाठी देऊन टाकू नयेत. तिसरी, वाहतूक बंद करताना रुग्णासाठी वाहनाची सोय त्याच आदेशात असावी. पास मिळवण्याची जबाबदारी रुग्णाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी.

यातील पहिल्या गोष्टीला फारसा खर्चही नाही. नाव, गाव, आजार, मोबाइल नंबर आणि पुढची तारीख, असे पाच रकाने पुरतात. पुन्हा कधी ‘नंतर या’ म्हणायची वेळ आलीच, तर रुग्णाच्या केस पेपरवर तो ‘नंतर’ कोणत्या तारखेचा, हे लिहिलेले असले पाहिजे. त्या तारखेला तो आला नाही, तर त्याला फोन कुणी करायचा, हेही.