मटणाऐवजी मासळी : पण ती आपल्या तळ्याची

कळमन्याच्या बाजार आवारात माल उतरवून, काटा-पट्टी आटोपून शेतकरी परतीच्या वाटेला लागला की दोन-तीन वस्तू तो हमखास घेतो. मुलांसाठी खाऊ, घरासाठी चहापत्ती वा तेल, आणि भाव बरा मिळाला असेल तर रात्रीच्या जेवणासाठी मटण. आनंदाचा दिवस म्हणजे मटणाचा दिवस, ही समजूत नागपूरच्या मातीत खोलवर रुजलेली आहे. सावजी रश्श्याची कीर्ती तर राज्यभर झालेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात याच आवारात मौद्याकडील एका शेतकऱ्याशी प्रस्तुत लेखकाचे बोलणे झाले. वय पंचेचाळिशीचे. रक्तातील चरबी वाढल्याचे सांगून डॉक्टरांनी त्यांना मटण बंद करण्यास सांगितले होते. ते म्हणाले, "साहेब, मटण सोडलं तर खावं काय? नुसत्या वरणावर माणूस किती दिवस काढील?" त्यांच्या गावाला तलाव आहे काय, असे विचारता ते म्हणाले, "आहे ना, चांगला मोठा आहे. पण त्यातली मासळी गाडीत भरून जाते. आम्ही कधी खाल्ली नाही."

या दोन वाक्यांत आजच्या लेखाचा सारा विषय आला. मटण सोडून मासळीवर यावे, हा सल्ला चांगला आहे. परंतु गावच्या तळ्याकडे पाठ फिरवून तो सल्ला फार दिवस टिकावयाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही चाल नवी नाही

मटण, कोंबडी वर्ज्य करून मासळी तेवढी खाणाऱ्यांना शहरात अलीकडे 'पेस्केटेरियन' असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी चाल जुनीच आहे. कोकणात व गोव्यात अशी अनेक सारस्वत घरे आहेत की जेथे पिढ्यानपिढ्या मासळी शिजत आली, परंतु मटणाला चुलीवर स्थान नव्हते. बंगालमधील ब्राह्मण घरांतही मासळी चालत आलेली आहे. तेथे नदी, खाडी व घरामागील पुष्करिणी यांनी जे पुरविले, तेच ताटात आले.

आपल्या पूर्व विदर्भातही पाण्याची वाण नव्हती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी ते बांधले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी यांनी बांधलेला नवेगाव बांध आजही त्यांच्या कौशल्याची साक्ष देतो. याखेरीज शेतोशेती बोड्या आहेत. धानाला पाणी, जनावरांना पाणी आणि माणसाला मासळी, अशी ही तिहेरी सोय होती. ढिवर बांधवांनी तिच्यातील मासळीची विद्या जपली. आपण शेतकऱ्यांनी मात्र मासळी म्हणजे ढिवरांचे काम, असे मानून तिच्याकडे दुर्लक्ष केले.

ताटातील हिशेब

शंभर ग्रॅम रोहूच्या मांसात सुमारे एकोणीस ग्रॅम प्रथिने असतात. मटणातही ती जवळजवळ तेवढीच असतात. फरक आहे तो चरबीचा. रोहू, कटला या माशांत चरबी अगदी थोडी असते, तर मटणात ती पुष्कळ असून रक्तवाहिन्यांस अपायकारक अशा घट्ट प्रकारची असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शनात मांसाहारी लोकांनी मटण-कोंबडीपेक्षा मासळीला प्राधान्य द्यावे व आठवड्याला निदान शंभर ते दोनशे ग्रॅम ती खावी, असे सांगितले आहे. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान मासळीतून हाडांना लागणारा चुनाही मिळतो. ब-१२ हे जीवनसत्त्व डाळ-भाजीत नसते. ते मासळीत असते.

येथे दोन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. हृदयाला हितकर म्हणून ज्या स्निग्धांशाची थोरवी गायिली जाते, तो बांगडा, तारली यांसारख्या समुद्रातील मासळीत भरपूर असतो. तळ्याच्या मासळीत तो कमी असतो. दुसरे असे की, मासळी तेलात बुडवून तळली किंवा तिच्यावर बोटभर तर्री आणली, तर मटण सोडून काय मिळविले? थोड्या तेलात, चिंच वा आंबट घालून केलेला पातळ रस्सा हाच उत्तम.

पैशाचा हिशेबही पाहावा. एक किलो मटणाच्या किमतीत सुमारे तीन किलो रोहू येते. याचा अर्थ शेळी पाळू नये, असा मुळीच नव्हे. शेळी ही गरिबाची अडीअडचणीची ठेव आहे. ती सणाच्या भावाने विकावी आणि घरी मासळी खावी, हा व्यवहार शहाणपणाचा होय. ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे किंवा ज्यांच्या घरी सामिष चालत नाही, त्यांना हा लेख आग्रह करीत नाही. डाळ, दूध व शेंगदाणे यांनीही शरीर चांगले पोसले जाते.

दुरून येणारी मासळी

लेखकाने स्वतः तीन वर्षांपूर्वी मटण सोडले. त्या वेळी शहरातील एका दुकानातून बर्फातील मासळी आणण्यास प्रारंभ केला. पहिल्याच महिन्यात दोनदा ती शिळी निघाली आणि घरच्या मंडळींनी मासळीला कायमचा नकार देण्याची वेळ आली. पुढे एका तलावाच्या काठी सकाळी जाळे ओढले जात असता तेथूनच मासळी घेतली, तेव्हा घरच्यांचे मत पालटले. मासळीला वास येतो, ही तक्रार बहुधा शिळ्या मासळीची असते.

आपल्या शहरांत येणारी बरीचशी मासळी आंध्र प्रदेशातील मोठ्या तळ्यांतून बर्फात भरून येते. तिने गरज भागते हे खरे. परंतु मासळी जितकी दुरून येते, तितकी ती टिकविण्याकरिता गैरमार्गाचा मोह वाढतो. जुलै २०१८ मध्ये फॉर्मॅलिनच्या संशयावरून गोवा शासनाला बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली होती. ज्या गावाच्या कुशीत तलाव आहे, त्या गावाने शेकडो कोस दूरच्या बर्फातील मासळीवर विसंबून राहावे, ही गोष्ट शोभणारी नाही.

तळे राखणारा कोण?

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला व १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. अन्याय्य पद्धत गेली, हे योग्यच झाले. परंतु पाळीवर माती टाकण्याची, सांडवा दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची गावाची जुनी सवयही तिच्याबरोबर सुटली. तलाव सरकारचा, मासळी संस्थेची किंवा ठेकेदाराची, पाणी तेवढे आमचे, अशी वाटणी झाली आणि तळे कोणाचेच राहिले नाही.

याचे परिणाम आपण रोज पाहतो. धान उत्पादक शेवटच्या पाण्यासाठी तलाव तळापर्यंत उपसतो. मासेमार बांधव मासळीपुरते पाणी ठेवा म्हणून विनवितो. दोघांत भांडण होते. फवारणीचे पंप तळ्यात धुतले जातात. काठावर बेशरम माजते. आमचे असे मत आहे की, ज्या शेतकऱ्याच्या घरी त्या तळ्याची मासळी शिजते, तो तळ्यात विषाचा पंप धुणार नाही आणि शेवटचे हातभर पाणीही उपसणार नाही. जो तळ्यातले खातो, तो तळे राखतो. आहारातील हा बदल म्हणूनच केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याचा विषय नसून गावच्या पाण्याचाही विषय आहे.

हे घडू शकते, याचा दाखला जवळच आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने ढिवर बांधवांच्या साहाय्याने काही तलावांतील बेशरम काढली व स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामुळे आटत चाललेल्या देशी मासळीला पुन्हा आसरा मिळाला.

येथे एक सूचना ध्यानात ठेवावी. तलावातील मासळीचा हक्क जेथे मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तेथे शेतकऱ्याने जाळे घेऊन उतरू नये. संस्थेशी बोलून ठरवावे की, पकडलेल्या मासळीपैकी काही भाग प्रथम गावात, योग्य भावाने विकला जाईल आणि उरलेली बाहेर जाईल. संस्थेला वाहतुकीचा व बर्फाचा खर्च वाचतो. गावाला ताजी मासळी मिळते. ग्रामसभेत एका बैठकीत होण्याजोगे हे काम आहे.

स्वतःच्या शेततळ्याचा हिशेब

ज्यांच्याकडे स्वतःची बोडी वा शेततळे आहे, त्यांना तर कोणाची वाट पाहावयास नको. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेखाली राज्यात अनेक शेततळी झाली. त्यांपैकी कित्येकांत आज केवळ पाणीच आहे.

मत्स्यबीज मिळणे ही पूर्वी मोठी अडचण होती. पुराच्या पाण्यातून ते गोळा करावे लागे व त्यात हवे-नको ते सर्व मिसळलेले असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तिष्क-ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन बंद पाण्यात कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून ती अडचण दूर झाली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद शेततळे धरू. हेक्टरी पाच हजार या बेताने त्यात साडेचारशे बोटुकली पुरे. दहा बोटुकलीत चार कटला, तीन रोहू व तीन मृगळ असे प्रमाण ठेवावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे एकमेकांच्या घासावर झडप पडत नाही. पाणी दीड ते दोन मीटर खोल असावे. मातीच्या तळ्यात आधी चुना व शेणखत द्यावे. प्लास्टिकच्या तळ्यात शेणखताचा उपयोग कमी होतो, तेथे धानाचा कोंडा व ढेप समभाग मिसळून रोज ठराविक वेळी खाऊ घालावे.

निम्मी बोटुकली वाचली आणि प्रत्येक मासा सरासरी सहाशे ग्रॅमचा झाला, तरी सुमारे १३५ किलो मासळी होते. जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत दर आठवड्याला एक किलो घरी खाल्ली, तर सुमारे सव्वीस किलो घरात लागेल. उरलेली सुमारे एकशेनऊ किलो विकता येईल. प्रथम घरचे ताट, मग बाजार, हा क्रम सोडू नये. तळे जानेवारीतच आटत असेल, तर बोटुकलीऐवजी मोठे बीज सोडावे.

काही सावधगिरी

थाई मांगूर कोणी कितीही गळ घातली तरी घेऊ नये. हा परदेशी मासा देशी मासळी फस्त करतो; त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यातील वा नाग नदीतील मासळी खाऊ नये. हेच पाणी कन्हानला व पुढे वैनगंगेला मिळते, याची आपण शेजाऱ्यांनीही काळजी वाहिली पाहिजे. पावसाच्या प्रारंभी अंड्यांवर आलेली चढणीची मासळी मारू नये. एक मादी म्हणजे पुढच्या वर्षीचे सारे तळे होय. श्रावण पाळण्याची आपली प्रथा या दृष्टीने तळ्याला विसावाच देते. लहान मुलांना रोहू-कटल्याचे बारीक काटे काढून द्यावेत.

बीज कोठे मिळेल, पाणी योग्य आहे किंवा नाही, याविषयी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा मासळी हे आपले काम नव्हे, असे म्हणण्यास शेतकऱ्याला व आपल्या खात्याच्या माणसालाही आता जागा उरलेली नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एवढीच विनंती की, आपल्या गावात तळी किती, त्यांतील मासळी जाते कोठे आणि गावातील किती घरी ती शिजते, या तीन प्रश्नांची उत्तरे येत्या पावसाळ्यापूर्वी लिहून काढावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी लाजिरवाणे येईल. कामाला तेथूनच आरंभ करावा.

मौद्याकडील ते शेतकरी दिवाळीनंतर तूर विकण्याची चौकशी करावयास पुन्हा कळमन्यास आले होते. गावच्या संस्थेशी बोलणे झाल्याचे व दर बुधवारी पाळीवरच मासळीचे वाटे पडू लागल्याचे त्यांनी सांगितले. निघताना ते म्हणाले, "साहेब, यंदा धानाला शेवटचं पाणी आम्ही जरा हात राखूनच घेतलं."