गाडीवरचे डाग आणि टँकरचे पाणी

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घातली. नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला आणि अवघ्या काही दिवसांत २२ कुटुंबांकडून एक लाख दहा हजार रुपये वसूलही झाले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत पाइप लावून गाडी धुणाऱ्यांना दोन हजार रुपयांचा दंड जाहीर झाला. गाडी धुणे ही आजवर प्रत्येकाची खासगी बाब होती. आता ती सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत आली आहे.

याच काळात ऑनलाइन बाजारात एका नव्या उपकरणाची भर पडली आहे. घरच्या घरी गाडी धुण्यासाठी क्षारविरहित, म्हणजेच डीआयोनाइज्ड पाणी देणारी यंत्रणा. नळाला जोडायचे एक नळकांडे, त्यात रेझिनचे बारीक मणी आणि पलीकडे डाग न सोडणारे पाणी, असे तिचे साधे स्वरूप आहे. सकृद्दर्शनी ही हौशी मोटारमालकांची चैन वाटते. परंतु ती कोणाला हवीशी वाटते, हे पाहिले, की शहरांच्या पाणीप्रश्नाशी तिचा असलेला संबंध स्पष्ट होतो.

डाग नेमका कशाचा?

गाडी धुतल्यानंतर उरणारे पांढरे ठिपके धुळीचे नसतात. पाणी उडून जाते; त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आदींचे क्षार मागे राहतात. पाण्यातील अशा विरघळलेल्या घटकांचे एकूण प्रमाण टीडीएस या मापाने मोजतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम टीडीएस असलेले पाव लिटर पाणी गाडीवर वाळले, तर सव्वाशे मिलिग्रॅम क्षार रंगावर चिकटून बसतात. काळी गाडी आणि दुपारचे ऊन असेल, तर ते लगेच दिसतात.

आता हे पाणी कोठून येते, ते पाहू. सह्याद्रीच्या कुशीतील धरणांत साठणारे पावसाचे पाणी मुळातच मऊ असते. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांतून आणि पुण्याला खडकवासला साखळीतून मिळणाऱ्या पाण्यात क्षारांचे प्रमाण कमी असते. असे पाणी ज्यांच्या नळाला पुरेसे येते, त्यांनी गाडी सावलीत धुऊन लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने टिपली, तरी पुरते. त्यांना कोणतेही यंत्र घेण्याची गरज नाही.

गरज भासते ती बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्यांना. खडकात मुरलेले भूजल क्षार घेऊनच वर येते. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. इमारती उभ्या राहिल्या, परंतु जलवाहिन्या त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. अशा अनेक सोसायट्यांत नळाच्या तोट्या, गिझर आणि काचा पांढऱ्या पडतात. म्हणजेच ज्या भागात गाडीवर डाग पडतात, तो बहुधा पाणीटंचाईचाच भाग असतो. या उपकरणाची निवड करताना हा मुद्दा विसरून चालणार नाही.

आकडेमोड आधी, खरेदी नंतर

म्हणून पहिली खरेदी यंत्राची नव्हे, तर काही शे रुपयांना मिळणाऱ्या टीडीएस मीटरची हवी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, नळाचे आणि टँकरचे, असे वेगवेगळे मोजमाप घ्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह असतो आणि दुसरा स्रोत नसल्यास दोन हजारांपर्यंत चालतो. पिण्यास योग्य पाणी गाडीच्या रंगासाठी योग्य असतेच, असे नाही.

रेझिनचे गणित सोपे आहे. यातील एका प्रकारचे मणी धातूंचे आयन पकडून हायड्रोजन सोडतात, दुसऱ्या प्रकारचे मणी क्लोराइड, सल्फेट यांसारखे आयन पकडून हायड्रॉक्सिल सोडतात आणि या दोहोंचे पुन्हा पाणीच बनते. परंतु मण्यांची क्षमता मर्यादित असते. एक लिटर मिश्र रेझिन ढोबळमानाने वीस ते पंचवीस ग्रॅम क्षार पकडते. याचा अर्थ दहा लिटर रेझिनचे नळकांडे १०० टीडीएसचे दोन हजारांहून अधिक लिटर पाणी शुद्ध करील. ५०० टीडीएसचे चारशे ते पाचशे लिटर आणि हजार टीडीएसचे जेमतेम दोनशे ते अडीचशे लिटर.

पाइपने दहा मिनिटे गाडी धुतली, तर सहज शंभर ते दीडशे लिटर पाणी जाते. ५०० टीडीएसच्या पाण्यावर हे नळकांडे तीन-चार धुण्यांतच संपेल. तेच साबणाची धुलाई साध्या पाण्याच्या बादलीने करून फक्त शेवटच्या वीस लिटरांसाठी वापरले, तर वीस ते पंचवीस वेळा पुरेल. उपकरण तेच, पाणी तेच. फरक केवळ वापराच्या पद्धतीचा. विक्रेते यंत्राची किंमत सांगतात. प्रत्यक्षात खर्च असतो तो पुन्हा पुन्हा बदलाव्या लागणाऱ्या रेझिनचा. मिश्र रेझिन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो. ते घरी करण्याचे काम नव्हे.

वॉटर सॉफ्टनर हा पर्याय अनेकांना सुचविला जातो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आणतो. त्यामुळे साबणाला फेस येतो, डाग सहज पुसता येतात. पण टीडीएस कमी होत नाही आणि डाग पडायचे थांबत नाहीत. शिवाय त्याच्या शुद्धीकरणानंतरचे मिठाचे पाणी गटारात जाते.

फेकल्या जाणाऱ्या पाण्याचे काय?

टीडीएस हजाराच्या घरात असेल, तर आधी आरओ आणि मग रेझिन ही जोडणी परवडते. आरओमुळे सुमारे नव्वद टक्के क्षार आधीच निघून जातात आणि रेझिन दहापट टिकते. मात्र घरगुती आरओ वीस लिटर शुद्ध पाण्यासाठी चाळीस ते साठ लिटर पाणी टाकून देतो. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये आरओतील पाण्याच्या या नासाडीवर बोट ठेवून किमान साठ टक्के पाणी परत मिळाले पाहिजे, असे बजावले होते.

येथे एक व्यवहार्य मार्ग आहे. आरओतून बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असले, तरी धूळ आणि साबण धुऊन काढण्यास पुरेसे असते. पहिली धुलाई त्या पाण्याने आणि शेवटचे खळबळणे शुद्ध पाण्याने केले, तर थेंबही वाया जात नाही. ही सोय करायची नसेल, तर टंचाईच्या भागात गाडीसाठी आरओ बसविण्याचे समर्थन करता येत नाही.

याहून स्वस्त उपाय तर घरातच असतात. पावसाळ्यात गच्चीवरून पहिल्या काही सरी वाहू दिल्यानंतर साठविलेले पाणी जवळपास क्षारविरहित असते. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे हवेतील बाष्पच असते. दमट हवेत दिवसाला काही लिटर सहज जमते. गाळून घेतले, तर शेवटच्या धुण्यासाठी ते उत्तम.

प्रश्न एकट्याचा नाही

शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी दररोज १३५ लिटरचा आहे. पाइपने धुतलेली एक गाडी म्हणजे एका माणसाचा दिवसाचा वाटा. शंभर गाड्यांच्या सोसायटीत आठवड्यातून एकदा जरी सर्वांनी प्रत्येकी १२० लिटर वापरले, तरी बारा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरहून अधिक पाणी जाते. त्याचे पैसे मात्र ज्याच्याकडे गाडी नाही, तोही भरतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्येच पिण्यायोग्य भूजलाची नासाडी रोखण्याचे आदेश दिले आहेत. अंमलबजावणी मात्र सोसायटीच्या फाटकापाशी अडते.

दंडाचा बडगा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सोसायट्यांनी वाहनतळावर पाइप बंद करून बादलीचा नियम करावा. शेवटच्या धुण्यासाठी एकच सामाईक क्षारविरहित नळ ठेवावा, त्याला मीटर असावा आणि खर्च वापरणाऱ्याने द्यावा. रेझिन लवकर संपते, म्हणून प्रत्येक जण आपोआप हात आखडता घेईल. टँकरच्या पाण्याची किंमत इतकी स्पष्ट दिसत नाही. त्यामुळेच ते मोकळेपणाने वाहते.