कोटाच्या आत काय आहे?

युरोपच्या प्रवासाला निघणाऱ्या जैन कुटुंबाची तयारी महिनाभर आधी सुरू होते. खाकरे आणि थेपले डब्यांत भरले जातात. विमानात जैन भोजन मिळावे म्हणून तिकिटाबरोबरच नोंद केली जाते. कंदमूळविरहित जेवण देणारीच सहल कंपनी निवडली जाते. डिसेंबरात पॅरिसमध्ये सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चोविहार पाळणारी वडीलधारी मंडळी जेवणाच्या वेळेचीही आधीच विचारणा करतात. इतकी दक्षता घेणारे हेच कुटुंब पॅरिस, मिलान किंवा म्युनिकच्या दुकानात थंडीचा कोट घेताना मात्र तीनच गोष्टी पाहते: रंग, बेत आणि किंमत. कोटाच्या आत काय भरले आहे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. ताटातील पदार्थाची जी चौकशी होते, ती अंगावरच्या वस्त्राची होत नाही.

तरुण पिढीला आज सर्वांत प्रिय असलेला कोट म्हणजे पफर. वजनाला हलका, गादीप्रमाणे आडव्या कप्प्यांत शिवलेला आणि दिसायला फुगीर. एडी बॉअर या अमेरिकी व्यापाऱ्याने १९३६ साली असा कोट तयार केला आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळवले. त्या कप्प्यांत भरले होते हंसाचे मऊ पीस. हंस आणि बदक यांच्या छातीवर मोठ्या पिसांच्या खाली जे तलम पीस असते, त्याला इंग्रजीत डाउन म्हणतात. कोट स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; तो शरीराची उष्णता अडवून धरतो आणि ते काम त्याच्यात अडकलेली हवा करते. डाउनमध्ये हवा पुष्कळ अडकते, म्हणून असा कोट हलका असूनही उबदार असतो. महागड्या पफर कोटांत आजही बहुतेक वेळा हेच भरलेले असते.

हे पीस मिळते कोठून, याचे उत्तर स्पष्ट आहे. बहुतांश डाउन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचे असते आणि ते त्यांच्या हत्येनंतर काढले जाते. जिवंत पक्ष्यांची पिसे उपटण्याचे प्रकारही उघडकीस आलेले आहेत. त्यावर उपाय म्हणून २०१४ साली ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’ नावाचे प्रमाणपत्र सुरू झाले. जिवंतपणी पिसे उपटणे आणि पक्ष्याला बळजबरीने खाऊ घालणे, या दोन्हींना त्यात मनाई आहे. त्यामुळे क्रौर्य कमी होते, हे मान्यच केले पाहिजे. पण पक्षी मारला गेला नाही, अशी ग्वाही ते प्रमाणपत्र देत नाही. दुकानदार ते प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. हुंडीवर जेवढे लिहिले तेवढेच देणे लागते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

दिगंबर मुनींच्या हातातील पिच्छीही पिसांचीच असते. पण ती मोराने आपोआप गाळलेली पिसे असतात. गळलेले पीस आणि काढून घेतलेले पीस यांतील भेद ज्या समाजाने शतकानुशतके जपला, त्या समाजातील ग्राहकाला कोटाबाबतही तो भेद विचारण्याचा अधिकार आहे. हे विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

पुष्कळदा ही गोष्ट घरी परतल्यावरच ध्यानात येते. कोटाच्या शिवणीतून एखादे बारीक पांढरे पीस बाहेर डोकावते आणि घरातील आजी विचारते, “हे काय गं?” तेव्हा उत्तर देणे अवघड होते. कोट परत करता येत नाही. दुकान हजारो मैल दूर राहिलेले असते. घालवत नाही आणि टाकवतही नाही, अशा अवस्थेत तो कपाटात लटकत राहतो. पैसे गेल्याचे दुःख त्यात असतेच. परंतु हौसेने आणलेल्या वस्तूविषयी मुलीला आजीसमोर मान खाली घालावी लागते, ही बोच अधिक असते. दुकानातील दोन मिनिटांनी ती टळू शकते.

त्या दोन मिनिटांत पाहायची ती आतील चिठ्ठी. युरोपीय संघाच्या २०११ च्या वस्त्रविषयक नियमावलीनुसार कोटातील धाग्यांची नावे व त्यांची टक्केवारी चिठ्ठीवर द्यावी लागते. शिवाय कापडी वस्त्रात कातडे, फर, पीस, शिंग, हाड असा प्राण्यापासून मिळवलेला पण धागा नसलेला भाग असेल, तर ‘प्राणिज मूळ असलेले वस्त्रेतर भाग यात आहेत’ अशा अर्थाचे ठरावीक वाक्य छापणे बंधनकारक आहे. इंग्रजीत त्या वाक्यात ‘अ‍ॅनिमल’ हा शब्द असतो; फ्रेंच वाक्यात त्याच्या शेवटी एक ‘e’ जास्त असतो. इटालियनमध्ये तो ‘आनिमाले’ होतो. जर्मनमध्ये मात्र ‘टिअरिश’ या शब्दाचे रूप शोधावे लागते. ही चिठ्ठी बहुधा आतल्या बाजूच्या शिवणीत असते. ते वाक्य दिसले की पुढचा प्रश्न विक्रेत्याला विचारावा: हा भाग नेमका कोणता? कधी ते संपूर्ण भरण असते, तर कधी केवळ चेनच्या टोकाला लावलेली कातड्याची पट्टी.

काही शब्द तोंडपाठ असले तर काम सोपे होते. डाउनला फ्रेंचमध्ये द्युवे, इटालियनमध्ये पियुमिनो आणि जर्मनमध्ये डाउनेन म्हणतात. कातड्याला अनुक्रमे क्विर, पेल्ले आणि लेडर. लोकरीला लेन, लाना आणि वोल्ले. आणखी एक खूण अशी की ‘फिल पॉवर’ या शब्दांपुढे ६०० किंवा ८०० असा आकडा दिसला, तर आत सहसा पीस असते. कृत्रिम भरणाचे मोजमाप सहसा ग्रॅममध्ये सांगतात.

लोकरीच्या बाबतीत घरोघरी मतभेद आढळतात. श्वेतांबर साधू-साध्वींचे रजोहरण लोकरीचेच असते आणि कातरणीने मेंढी मरत नाही, म्हणून अनेक कुटुंबे लोकर वापरतात. काही मंडळी मेंढ्यांना होणाऱ्या यातनांचा विचार करून ती वर्ज्य करतात. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या मागील भागाची कातडी कापण्याची म्यूल्सिंग नावाची पद्धत आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. निर्णय ज्याने त्याने घ्यावा; पण शीअरलिंग या शब्दाने कोणी फसू नये. ती नुसती लोकर नव्हे. लोकरीसकट कमावलेले मेंढीचे कातडे असते. तसा देखावा हवा असेल, तर पॉलिएस्टरचा ‘टेडी’ कोट मिळतो. अस्तर रेशमासारखे भासले तरी त्यावर व्हिस्कोज किंवा क्युप्रो लिहिले असेल, तर निश्चिंत असावे. पहिले लाकडाच्या लगद्यापासून, तर दुसरे सरकीवरच्या आखूड कापूसतंतूंपासून बनते. डफल कोटाच्या लांबट गुंड्या मात्र शिंगाच्या आहेत की लाकडाच्या, हे विचारून घ्यावे.

मग शोभिवंत आणि निर्दोष असा कोट मिळतो का? अवश्य मिळतो. पॉलिएस्टरच्या तंतूंचे भरण असलेले उत्तम पफर आता सर्वत्र आहेत. प्रिमालॉफ्ट हे भरण तर १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, डाउनला पर्याय म्हणूनच विकसित झाले. पीस भिजले की गोळा होऊन त्याची ऊब जाते. कृत्रिम भरण ओले झाले तरी बऱ्यापैकी ऊब देते. उणिवाही जाणून घ्याव्यात: तेवढ्याच उबेसाठी असा कोट थोडा जड असतो, बॅगेत अधिक जागा घेतो आणि पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून बनते. पण पॅरिसमध्ये डिसेंबरात तापमान साधारण ३ ते ८ अंश सेल्सिअस असते. तेवढ्या थंडीला तो भरपूर होतो. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखला जाणारे प्रवासीही तेथे दोन-तीन तासच थांबतात.

ज्यांना फुगीर कोट रुचत नाही, त्यांच्यासाठी ट्रेंच कोट आहे. थॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये गॅबर्डिन हे घट्ट विणीचे, पाणी सहज न शिरणारे कापड तयार केले. पहिल्या महायुद्धात त्या कापडाचे कोट ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वापरले आणि पुढे ते नागरी वेशात रुळले. आजचे अनेक ट्रेंच कोट सुती गॅबर्डिनचे असतात. आतून फ्लीसचे एक-दोन पातळ थर घातले की शहरातली थंडी सुसह्य होते आणि छायाचित्रांत रुबाबही दिसतो. मात्र पट्ट्याचे बक्कल कातड्याने मढवलेले नाही ना, हे पाहावे.

मापाबाबत आकड्यांवर विसंबू नये. स्त्रियांचे इटालियन ४४ म्हणजे फ्रेंच ४०, जर्मन ३८ आणि ब्रिटिश १२. कोट नेहमी आत स्वेटर घालून पाहावा, हात वर करून पाहावेत आणि खांद्याची शिवण खांद्यावरच येते ना, याची खात्री करावी. दुकानात जाऊन घेतलेली निर्दोष वस्तू केवळ नापसंतीमुळे परत घेण्याचे बंधन तेथे दुकानदारावर सहसा नसते. ते त्याच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

खरेदीची वेळही महत्त्वाची. फ्रान्समध्ये हिवाळी सेल केव्हा लागेल, हे सरकार ठरवते. तो साधारणपणे जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि चार आठवडे चालतो. खरेदी किमतीपेक्षा कमी दराने माल विकण्यास तेथील कायद्याने एरवी मनाई आहे. या काळात मात्र ती मुभा असते. व्यापारी वाचकांना यातील मर्म सहज कळेल: नाताळात घेतलेला कोट तीन आठवड्यांत स्वस्त होऊ शकतो. इतर वेळी पॅरिसजवळील ला व्हाले व्हिलेज, मिलान व जेनोआ यांच्या दरम्यानचे सेराव्हाल्ले किंवा श्टुटगार्टजवळील मेट्झिंगेन येथील आउटलेटमध्ये मागील हंगामाचा माल मिळतो.

आता हिशेब. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला व्हॅट परत मिळू शकतो. फ्रान्समध्ये त्याचा दर २० टक्के आणि त्यासाठी एका दुकानातील खरेदी १०० युरोंहून अधिक लागते. ३०० युरोंच्या कोटात २५० मूळ किंमत आणि ५० कर. म्हणजे छापील किमतीचा सहावा हिस्सा, पाचवा नव्हे. परतावा देणाऱ्या कंपनीचे शुल्क वजा होऊन हाती त्याहून कमी येते. बिल करताना पासपोर्ट दाखवून परताव्याचा अर्ज दुकानातूनच घ्यावा लागतो. अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यवसायात स्थायिक झालेल्या नातलगाच्या नावावर बिल केले, तर सवलत मिळत नाही, कारण तो युरोपीय संघाचा रहिवासी ठरतो. ब्रिटनमधील दुकानांत पर्यटकांसाठीची ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहे.

सर्वाधिक चूक होते ती स्वित्झर्लंडमध्ये. हा देश युरोपीय संघात नाही. पॅरिसला कोट घेऊन झुरिकहून मायदेशी परतणाऱ्याने फ्रान्सची सीमा ओलांडतानाच सीमाशुल्काची नोंद करून घ्यायला हवी. झुरिक विमानतळावर ती होत नाही. बसने प्रवास असेल, तर सहल व्यवस्थापकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. विमानतळावरूनच निघायचे असेल, तर नोंद होईपर्यंत कोट सामानाच्या बॅगेत देऊ नये, कारण अधिकारी तो पाहायला मागू शकतात.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते: रुपयांत द्यायचे की युरोत? रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो. पण तो दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि सहसा महाग पडतो. युरोच निवडावा. अनेक बँकांच्या कार्डांवर परकीय चलनासाठी ३.५ टक्क्यांपर्यंत जादा आकारणी असते, तीही आधी विचारून घ्यावी.

शेवटी कोट घरी येतो. महाराष्ट्रात तो वर्षातून चार दिवसही लागत नाही. दमट हवेत लोकरीला कसर लागते, मग डांबराच्या गोळ्या येतात आणि ज्या जिवांना वाचवायचे त्यांच्याच नाशाची सोय होते. पॉलिएस्टरला किंवा स्वच्छ धुऊन ठेवलेल्या सुती कोटाला ही भीती जवळजवळ नसते. एकत्र कुटुंबात सर्वांना चालेल असा एक चांगला कोट असला, तर आज सून, पुढच्या वर्षी नणंद असा तो फिरत राहतो आणि प्रत्येक वापरामागची किंमत उतरत जाते. पण तो सर्वांनी निःशंकपणे घालावा, यासाठी आतील चिठ्ठी घेतानाच वाचलेली असावी. मुलांना ती वाचायला प्रवासापूर्वी घरीच शिकवावे. कपाटातील जुनी जॅकेटे काढून सुरुवात केली, तरी पुष्कळ काही कळून येईल.