पेशीला कोड म्हणणं आता पुरे

पेशी म्हणजे कम्प्युटर आणि डीएनए म्हणजे कोड, हे वाक्य आमच्या धंद्यातल्या लोकांनी आता बंद करावं. मी कोड लिहूनच पगार घेतो, म्हणून हक्काने सांगतोय.

२००९ साली ड्रेस्डेनमध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म जंताच्या भ्रूणात पाहिलं, की पेशीतल्या काही कणिका चक्क द्रवासारख्या वागतात. एकमेकींत मिसळतात, ओघळतात. भोवती आवरण नाही. आमटीवर तेलाचे थेंब जमावेत तसे प्रथिनांचे आणि आरएनएचे थेंब. त्यांना कंडेन्सेट म्हणतात. झालं, 'हे थेंब आता प्रोग्रॅम करता येतील' अशी भाषा लगेच सुरू झाली.

कशाने करणार? एक हत्यार म्हणजे हेक्झेनडायॉल, अल्कोहोलच्या जातीचं रसायन. पेशीवर ओता, थेंब विरघळतात. मग पेशीचं काम बिघडलं की म्हणायचं, बघा, थेंबामुळेच चाललं होतं. पण हेच रसायन पेशीचं आवरण सैल करतं, आणि कायनेज नावाच्या एन्झाइमांचं कामही थेट बिघडवतं, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. सगळा सर्व्हर बंद पाडून 'बग सापडला' म्हणणाऱ्याला आमच्याकडे कोणी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही.

दुसरं हत्यार खरंच देखणं आहे. २०१७ मध्ये ब्रँगविनच्याच प्रिन्स्टनमधल्या गटाने वनस्पतीतलं एक प्रकाशसंवेदी प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला जोडलं. निळा प्रकाश टाकला की थेंब जमतात, बंद केला की काही मिनिटांत विरतात. मात्र प्रकाशाचा मारा वाढवला तर थेंब घट्ट होतात, आणि मग प्रकाश बंद करूनही काही गुठळ्या तशाच राहतात. अनडू बटण हवं तिथेच नेमकं नाही.

आणि दुखणं तिथेच तर आहे. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की पार्किन्सनशी संबंधित अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन आधी द्रव थेंब बनवतं, थेंब जुने होत घट्ट होतात आणि त्यांत तंतू तयार होतात. शहाडकराला हे ऐकून रेयॉन आठवणार. रसायन अगदी वेगळं, पण आमच्याकडेही दाट रस आम्लात सोडून धागा काढतात. त्या धाग्याचा पुन्हा रस होतो, नाही असं नाही. फक्त त्याला कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड लागतं. मेंदूत ते कोण ओतणार?

शिवाय सगळे थेंब वैरी नाहीत. केंद्रकातली केंद्रिका, जिथे रायबोसोम घडतात, तीही कंडेन्सेटच. नको तो थेंब विरघळवताना ती शाबूत राहिली का, हे आधी दाखवा.

संशोधनाला माझा विरोध नाही. उलट अशी हत्यारं अजून हवीत. राग 'कंट्रोल' या शब्दावर आहे. प्रथिन तेच, प्रमाण तेच, फक्त थेंब होऊ दिला नाही, तर काय बिघडलं? हा प्रयोग झालेला नसताना कोणी स्लाइडवर 'पेशीचं प्रोग्रॅमिंग' लिहिलं, तर हात वर करून विचारा. कारण तीच स्लाइड उद्या फॅमिली ग्रुपवर फिरते, आणि ज्यांच्या घरी आजोबांचा चहाचा कप थरथरतो, ते विचारतात, "औषध कधी येणार रे?"